वाढत्या अंगाचं माप

लहान मुलाच्या कपड्याला कापड कमी लागतं, एवढंच काय ते कमी. वर्षाच्या पोरीच्या फराकीलाही दोन खांदे, दोन मुंढे, दोन कुशी, एक गळा आणि एक घेर असतो. तिच्या आईच्या कुर्त्यालाही तेवढंच असतं. उलट मुंढा जितका लहान, तितका तो मशीनच्या पायाखाली फिरवताना हात अवघडतो. मोठी बाही एका दमात वळते. टीचभर बाही मात्र दर अर्ध्या इंचाला सुई कापडात रोवून, पाय उचलून, कापड फिरवून घ्यावी लागते. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही आणि दिसावं अशी अपेक्षाही नाही. ते फराक दोन बोटांत धरून उजेडाकडे करतं आणि विचारतं, "एवढ्याशाचे दोनशे ऐंशी?"

हा प्रश्न मी वहिनीच्या ओसरीत बसून पुष्कळदा ऐकला आहे. भंडाऱ्यात, खात रोडच्या आतल्या बाजूला, तिने लहान मुलांचे कपडे शिवून विकायला घेतले तेव्हा दादा म्हणाला होता, "चार दिवसाचा शौक आहे, होऊन जाऊ दे." हिशोबाची वही माझ्याकडे आली, कारण घरात निवृत्त माणूस मी एकटाच. नफ्यातोट्याचे आकडे मांडता मांडता मला धानाचं वेळापत्रक, बायांची मजुरी आणि पोरांची उंची या गोष्टी त्याच वहीत लिहाव्या लागतील, असं वाटलं नव्हतं.

एका फराकीचा हिशोब आधी मांडतो. बावीस नंबरची, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलीची. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं सुती कापड सव्वा मीटर, नव्वद रुपये मीटरने एकशे बारा. अस्तर पंचवीस. चेन, लेस, दोरा मिळून अठरा. शिवणाऱ्या बाईचे साठ. वीज आणि नागपूरच्या बसभाड्याचा वाटा धरून दहा. झाले सव्वादोनशे. दोनशे ऐंशीला विकली तर पंचावन्न सुटतात. पण दोनशे ऐंशीला कोण घेतो? घासाघीस होऊन अडीचशेला तुटते. तिकडे मोठ्या बाजारात एकशे ऐंशीला नेटची, टिकल्यांची, कमरेला सॅटिनचं फूल लावलेली फराक टांगलेली असते. ती अंगाला टोचते, अस्तर असून नसल्यासारखं, दुसऱ्या धुण्याला टिकल्या गळतात. पण टांगलेली असताना ती टोचत नाही.

ही एकशे ऐंशीची फराक कुठून येते याचा माग काढायला मी एकदा वहिनीबरोबर नागपूरला गांधीबागेत गेलो होतो. व्यापाऱ्याने सरळ सांगितलं, माल कलकत्त्याचा, मेटियाबुरूजचा. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह तिथे येऊन राहिला. त्याच्या लवाजम्यात दर्जीही होते. आज तो भाग लहान मुलांच्या तयार कपड्यांची देशातली मोठी पेठ आहे. तिथे एक जण नुसता कापतो, एक जण नुसते मुंढे जोडतो, एक जण नुसतं इलॅस्टिक ओढतो. कापडाचे थरावर थर रचून वरून यंत्राची पात फिरते. वहिनीच्या कात्रीखाली चार पदर मावतात; पाचवा घेतला की खालचा सरकतो. नवाब गेला, दरबार गेला, शिवण राहिली आणि तिच्याशी स्पर्धा करायला खात रोडची ओसरी निघाली आहे, असं मी परतीच्या बसमध्ये म्हणालो. वहिनी झोपली होती.

ठोक बाजाराची आणखी एक रीत आहे. माल 'सेट'मध्ये मिळतो. वीस, बावीस, चोवीस, सव्वीस अशी मापं एकत्र. मधली दोन खपतात, कडेची दोन राहतात. वहिनीने पहिल्या हंगामात शिवण्याबरोबर थोडा तयार मालही आणला होता, तेव्हा हे कळलं. मोठ्यांच्या कपड्यात राहिलेला माल पुढच्या वर्षी निघू शकतो. निदान ज्याने या वर्षी पाहून ठेवला तो पुढच्या वर्षीही त्याच मापाचा असतो. लहान मुलांच्या धंद्यात गिऱ्हाईक दर सहा महिन्यांनी बदलतं. जी पोर पोळ्याला बावीसमध्ये बसत होती ती होळीला चोवीस मागते. मी हे वहीत 'पडून माल' या खात्यात मांडून दाखवलं, तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, टुरी काही तुमच्या वहीले पाहून वाढत नाही."

मापाचं प्रकरण तर फारच खोल आहे. तयार कपड्यांवर वय छापलेलं असतं: '३-४ वर्षे'. हे वय कोणाचं? भारतीय माणसांची मापं घेऊन आपला स्वतःचा साईज-तक्ता बनवण्यासाठी 'निफ्ट' या संस्थेने 'इंडियासाईज' नावाचा प्रकल्प हाती घेतला; त्यात पंचवीस हजार माणसं मोजायची होती. वयोगट १५ ते ६५. म्हणजे ज्यांचं माप सगळ्यात भराभर बदलतं ती माणसं त्यात नाहीतच. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. तीनांतलं एक मूल टॅगवरच्या वयात बसणारच नाही. आई दुकानात येऊन सांगते, "पाच वर्षाची आहे," आणि दुकानदार पाच वर्षांची फराक काढतो, ती पोरीच्या पोटऱ्यांपर्यंत येते. मग आईच ओशाळते, जणू पोरगी कमी भरली. मला हे ओशाळणं पाहवत नाही.

मुलांची उंची नियमाने लिहिली जाते अशी आमच्याकडे एकच जागा, अंगणवाडी. तिथे वजन-उंचीची नोंद असते. छातीची, कमरेची, खांद्याची नसते. वहिनीने सेविकाताईंना विचारून, येणाऱ्या आयांची परवानगी घेऊन, टेप घेऊन दारात बसायला सुरुवात केली. पोरं गुदगुल्या होतात म्हणून अंग चोरतात, श्वास रोखतात, टेपच ओढून पळतात. तरीही तिच्या वहीत आता आमच्या भागातल्या पोरांचा असा एक तक्ता आहे की तो पाहिल्यावर टॅगवरचं वय कशाला छापतात ते कळत नाही. छाती अरुंद, उंची मध्यम, पोट थोडं पुढे. त्या पोटासाठी तिने फराकीचा कमरेचा जोड दीड बोट वर घेतला. तो वर घेतल्यापासून परत येणारा माल निम्म्यावर आला, हे मी वहीवरून सांगतो.

अगदी तान्ह्यांचं वेगळंच. आपल्याकडे मूल जन्माला येण्याआधी त्याचे कपडे आणून ठेवत नाहीत, आणि पहिला कपडा अंगावर चढतो तो घरातला जुना, शंभरदा धुऊन मऊ झालेला. नात्यातल्या एखाद्या धडधाकट पोराचा असला तर फारच उत्तम. शास्त्र काय असेल ते असो, नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या कातडीला सोसत नाही हे आजींना कळलेलं होतं. धंद्याच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा की झबली-टोपरी, दुपटी यांची मागणी आधी येत नाही. येते ती बारशाच्या तीन दिवस आधी, आणि सगळ्या आत्या-मावश्या एकाच मापाचं घेऊन जातात. महिन्याभरात ते सगळं एकदम लहान होतं. यावर वहिनीचा उपाय असा: मावशीला सहा महिन्यांचं माप घ्यायला लावायचं. मावशी ऐकत नाही. बारशात बाळाच्या अंगावर मोठं झबलं कसं दिसेल?

आता धानाकडे येतो. भंडाऱ्याचं पंचांग धान लिहितं. जून सरताना विदर्भातल्या शाळा उघडतात, राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा, आणि त्याच सुमारास परहे, म्हणजे धानाची रोपं, टाकलेले असतात. जुलै-ऑगस्टात रोवणा, म्हणजे धानाची लावणी. पोळा आला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: पोरं लाकडी नंदी घेऊन, धोतर-कुर्ता आणि फेटा घालून, पोरी नऊवारीत, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. लहान मुलांच्या कपड्यांचा असा हक्काचा सण महाराष्ट्राच्या इतर भागांत नाही. बावीस इंची नऊवारी शिवायला जमली तर वर्षाची कमाई इथे आहे, असं कोणालाही वाटेल. वहिनीलाही वाटलं.

पण शिवणार कोण? तिच्याकडे येणाऱ्या बाया जवळच्या खेड्यांतल्या. रोवण्याचा गुत्ता, म्हणजे ठेका, लागला की त्या सगळ्या बांधावर. चार-पाच आठवडे चिखलात उभं राहून रोख मजुरी हातात पडते. ओसरीत बसून नग मोजायचे, तेही नग विकल्यावर पैसे. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या वयस्क बाईने आयुष्यभर विड्या वळल्या आहेत. विडीचा दर हजारावर असतो, त्यामुळे नगावरची मजुरी म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बाई, विडी मोडली तं ठेकेदार कापते. तुमी फराक बिघडली तं किती कापान?" वहिनीला उत्तर देता आलं नाही, तिने तो नियमच ठेवला नाही. पवनीकडची एक बाई मार्चात मोहफुलाला आणि मेमध्ये तेंदूपत्त्याला जाते. नोव्हेंबरात कापणी, मग चुरणा, म्हणजे मळणी. कॅलेंडर समोर ठेवून मी वर्षातले असे आठवडे शोधायचा प्रयत्न केला की ज्यात हात मोकळे आहेत आणि मागणीही आहे. फार थोडे निघाले.

पैशाचंही तसंच. दिवाळीला सगळ्या देशात कपडे विकले जातात. आमच्याकडे दिवाळीला हलकं धान घरात येऊ लागलेलं असतं, भारी धान शेतातच उभं. आधारभूत केंद्रावर धान मोजून द्यायचं, पैसे खात्यात जमा व्हायची वाट पाहायची. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. पण भाव ठरलेला असणं आणि चुकारा हातात पडणं यांत कधी कधी दोन सण निघून जातात. म्हणून दिवाळीच्या फराकी उधारीवर जातात. "चुकारे आले का देतो," हे वाक्य वहीत लिहिण्याजोगं नाही, पण सगळी वही त्याच वाक्यावर उभी आहे. आणि देतातही, हे सांगायला हवं. बुडवणारे बोटांवर मोजण्याइतके. उशिरा देणारे मात्र सगळेच, आणि गांधीबागेतला कापडवाला चुकाऱ्यापर्यंत थांबत नाही.

खरा हंगाम दिवाळीनंतर, मंडईचा. गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटकं चालतात, लेकी माहेरी येतात आणि भाच्यांना कपडे घेतले जातात. पुण्या-मुंबईच्या हंगामी जाहिराती तोवर संपलेल्या असतात. वहिनीने पुढे दिवाळीचा अर्धा माल मंडईसाठी राखायला सुरुवात केली. माझ्या मते तिने घेतलेला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय, आणि तो कोणत्याही उद्योजकता शिबिरात शिकवला गेला नव्हता.

शिबिरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या राज्यात गरीब बाईला काही द्यायचं म्हटलं की शिलाई मशीन द्यायची पद्धत आहे. मंडप, हार, मशिनीवर चिकटवलेला फोटो. २०१५ च्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत शिलाईकाम आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजार. हे चांगलंच आहे, मी नाक मुरडत नाही. पण एका गल्लीत मशिनी झाल्या सात आणि कापणारी एक. कापणं हीच विद्या आहे. शिवण सरळ मारायला महिन्यात येते. तेवढ्याच कापडातून चार फराकी काढायच्या की पाच, हे कापणारीच्या नजरेत असतं, आणि त्या पाचव्या फराकीत नफा असतो. कापणारी घडवायला काही वर्षं लागतात, म्हणून तिचं वाटप करता येत नाही.

२०२४-२५ मध्ये सरकारला वाटलं की वाटप आणि काम यांची गाठ घालावी. 'एक राज्य, एक गणवेश'. कापड मध्यवर्ती पद्धतीने यायचं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांतल्या बायकांनी करायची. एका गणवेशाच्या शिलाईला शंभर रुपये आणि वरखर्चाला दहा. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. प्रत्यक्षात पंधरा ऑगस्ट आला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचले नव्हते, आणि पोचले तिथे मापं बसेनात म्हणून ओरड झाली. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. त्या वर्षी बचत गटांतल्या बायकांना बोल लावणारे बरेच भेटले. मला तो राग पटला नाही. जिने पोरगं पाहिलंच नाही तिने त्याची पँट कशी शिवायची? शिवणारी आणि अंग यांच्यामध्ये जितके कागद येतात तितकी पँट घसरते.

याच्या उलट गोष्ट पॅरिसची. तिथे झान लान्व्हाँ नावाची टोप्या बनवणारी बाई होती. ती आपल्या मुलीसाठी कपडे शिवायची. दुकानात येणाऱ्या बायकांना ते आवडले, त्या मागू लागल्या, आणि १९०८ मध्ये तिने मुलांच्या कपड्यांचा वेगळा विभागच उघडला. त्यातून पुढे केवढी मोठी पेढी उभी राहिली. मी ही गोष्ट दादाला सांगितली, 'चार दिवसाचा शौक' म्हणाला होता म्हणून. दादाने एकच विचारलं, "त्या बाया उधारीवर नेत होत्या का?" आपल्या राज्यातही मुलांच्या कपड्यांतून मोठी नावं झाली. मुंबईत १९८० मध्ये 'जिनी अँड जॉनी' सुरू झालं, पुण्यात २०१० मध्ये 'फर्स्टक्राय'. ती यशं खोटी नाहीत, पण त्यांच्याकडून खात रोडला शिकण्यासारखं मला फारसं सापडलं नाही. पन्नास हजारांच्या भांडवलाला पन्नास कोटींच्या गोष्टी लागू पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र बाहेरची लागू पडली. इटलीच्या बेनेटन कंपनीची जुनी युक्ती अशी होती की स्वेटर आधी बिनरंगाचे विणून ठेवायचे आणि बाजारात कोणता रंग चालतोय ते कळल्यावर रंगवायचे. मी हे वहिनीला कौतुकाने सांगायला गेलो तर तिचं आधीच सुरू झालेलं होतं, फक्त रंगाऐवजी मापाचं. ती फराकीची वरची चोळी, गळा, बाह्या शिवून ठेवते. कुशी कच्च्या टाक्यावर आणि खालची पट्टी मोकळी. पोर आली की उभी करायची, कुशी मारायच्या, पट्टी वळायची. वीस मिनिटांत फराक तयार, गल्ल्यात रोख आणि 'पडून माल' या खात्यात काही नाही. पोर आईबरोबर आलीच पाहिजे, एवढी अट. ज्या आया "ती झोपली आहे, तुम्हीच अंदाजाने द्या" म्हणतात त्यांना ती परत पाठवते. यात तिने दोन-तीन गिऱ्हाइकं कायमची घालवली असतील. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

पण ही अर्धी शिवण चालवायची तर एका जुन्या सवयीशी रोज भांडावं लागतं. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. माझ्या शाळेच्या पहिल्या खाकी चड्डीत माझ्यासारखे दोघं मावले असते, आणि ती अंगाला नेमकी बसली त्या सुमारास तिचं बूड विरलं. पैसा कमी असलेल्या घराचा हा हिशोब आहे, त्याला हसू नये. वहिनी हसत नाही. ती खालच्या पट्टीत दीड इंच आणि कुशीत अर्धा इंच दाब आतून ठेवते आणि सांगते की आज नेटकं घाला, पुढच्या वर्षी उसवून देईन. आयांना हे पटायला वेळ लागतो. बाहेर दिसणारे दोन इंच हे फुकट मिळालेलं कापड वाटतं, आत दडवलेले दोन इंच दिसतच नाहीत. शिवाय उसवलेल्या जागी जुनी घडी रेघ सोडते, रंग वेगळा पडतो. त्यावर लेस लावायची. लेस दहा रुपये मीटर, आणि ती कोणी द्यायची यावर पुन्हा बोलणं.

यंदा मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेच्या समितीने गणवेशाचं काम तिला देऊ केलं. एका गणवेशामागे मिळणारे तीनशे रुपये, त्यातच कापड आणि शिलाई. मुख्याध्यापकांनी यादी पाठवली: नाव, इयत्ता, वय. वहिनीने ती तशीच परत केली आणि सोबत लिहिलं की वय नको, उंची, छाती आणि कमर पाहिजे. मोजता येत नसेल तर मीच येते. रोवणा चालू होता, बसची खात्री नव्हती, पण गुरुजींनी मनावर घेतलं. भिंतीवर खडूने इंच आखून त्यांनी एकेक पोर उभं केलं आणि आठवड्याने सुबक अक्षरात पूर्ण तक्ता आला. मापं काळजीने घेतलेली होती. दोन पोरांच्या उंचीपुढे 'टाच उचलली होती' असा शेराही होता. आणि सगळ्यात खाली, लाल शाईने अधोरेखित केलेलं: 'पालकांची विनंती. सर्वांचे दोन इंच मोठे शिवावे.'

वहिनीने चष्मा वर सरकवला, माझ्याकडून वही ओढून घेतली आणि दोन इंच गुणिले सगळी पोरं असा हिशोब स्वतःच केला. मग त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं: 'दोन इंच आतून ठेवते. पुढच्या जूनमध्ये उसवून मिळेल. उसवण्याचे नगामागे वीस रुपये वेगळे, आणि ते आधी.'